मॉर्डहाइमची कॅम्पेन सुरू करतोयस? मग हे ऐक

मॉर्डहाइम म्हणजे छोट्या पुतळ्यांच्या टोळ्या टेबलावर लढवायचा खेळ. पहिल्या कॅम्पेनसाठी, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या डावांच्या मालिकेसाठी, हे १९९९ चं मॉर्डहाइमच घे, असं मी मनापासून सांगेन. खेळातल्या ५०० सोन्याच्या नाण्यांत टोळी उभी राहते, त्यामुळे रंगवायला मोजकीच मिनिएचर्स (छोटे पुतळे) लागतात. पैसे चिलखतावर उधळू नकोस, आधी माणसं घे.

खरी मेख पळण्यात आहे! पाव टोळी आडवी झाली की आपल्या पाळीच्या सुरुवातीला स्वतःहून माघार घेता येते. हरलेल्या डावात हट्टाने थांबलास, तर आणखी माणसं आडवी होतात. डावानंतर अशा प्रत्येकासाठी जखमांचा फासा पडतो आणि त्यात तुझा कप्तान कायमचा जाऊ शकतो. दुबळ्या टोळीला बलाढ्य टोळीशी लढल्याबद्दल जादा अनुभवाचे गुण मिळतात, ते न विसरता वहीत लिही. नवखे खेळाडू त्यावरच टिकतात. आणि खेळायचा वार ठरला की ठरला. एखादा आला नाही तरी बाकीच्यांनी खेळायचंच.