बॅटरी राहू द्या, आधी मेडिक्लेम भरा

प्रश्न: पाथर्डी फाट्याला आमचं घर आहे. गेल्या वर्षी छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, ७८ हजार सबसिडी मिळाली, बिल नगण्य झालं. आता ५ युनिटची लिथियम बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर २ लाख ४० हजारांत मिळतोय. विक्रेता म्हणतो, २५ वर्षं बघायला नको. खरंच किती टिकते? कर्जाचा हप्ता झेपावा म्हणून यंदा मेडिक्लेम भरला नाही, सात वर्षांत कधी लागलाच नाही. मी ५३ वर्षांचा, बायकोला शुगर आहे.

उत्तर: तुम्ही नूतनीकरणाच्या नोटिशीचा फोटो जोडलाय, त्यावरच्या तारखेला आज १८ दिवस झाले. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, म्हणजे हातात १२ दिवस आहेत. हे वाचून होताच पैसे भरा. मधल्या दिवसांतलं आजारपण धरलं जाणार नाही, पण सात वर्षांची सलगता वाचेल. मुदत चुकली तर नवी पॉलिसी, नव्या तपासण्या, आणि शुगरसारख्या जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनी नाहीही म्हणू शकते. मेडिक्लेम लागला नाही, हे तुमचं नशीब. पंचावन्नीकडे झुकताना ते गृहीत धरून घर चालवू नका.

आता बॅटरी. २५ वर्षं ही पॅनेलची हमी, ती बॅटरीला चिकटवणं म्हणजे शुद्ध फसवणूक. चांगली लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १० ते १५ वर्षं चालते. तीही एकदम बंद पडत नाही, दरवर्षी थोडी थोडी आटते. हमीपत्र उघडा: बहुधा १० वर्षं किंवा ठरावीक सायकल (एकदा भरून रिकामी झाली की एक सायकल), जे आधी संपेल ते, आणि शेवटी ६०-७० टक्के क्षमता. शिवाय विक्रेता ती गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवणार म्हणतोय! नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, त्या पेटीत बॅटरी न वापरताही म्हातारी होईल.

२ लाख ४० हजारांचं कर्ज बारा टक्क्यांनी पाच वर्षं म्हणजे महिना ५,३०० रुपये, एकूण सव्वातीन लाखांच्या आसपास. बचत किती? नेट मीटरिंगमध्ये तुमची जादा वीज महावितरणकडे जमा होते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. बिल आधीच नगण्य आहे, बॅटरी आणखी काय कमी करणार? राहिला वीज जाण्याचा प्रश्न. तासाभरासाठी पंखे, दिवे, वायफाय चालवायला साधा इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी पुरते, पंचवीस-तीस हजारांत. ती चार-पाच वर्षांनी बदलावी लागेल, हे धरूनच सांगतोय.

मेडिक्लेमची पावती आली की मला कळवा.