यूपीआयचा खर्च कोणी उचलायचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं फोनवरून होणाऱ्या पैशांच्या व्यवहारांबद्दल होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. नियम काय आहे ते सांगतो आणि त्याबद्दल माझं मत काय तेही सांगतो. दोन्हींची गल्लत होऊ नये एवढी काळजी घेतो.

प्रश्न: माझं लातूरला किराणा दुकान आहे. यूपीआयवर दुकानदाराला चार्ज लागणार, असे मेसेज सारखे फिरतात. साउंडबॉक्सचं भाडं तर मी आधीच भरतो. त्यातच गेल्या महिन्यात अडीच हजारांच्या एका बिलाचे पैसे थोडे कापून जमा झाले. म्हणजे चार्ज सुरू झाला का?

आधी कापलेल्या पैशांचं बघू. ग्राहकाने कोड स्कॅन केला म्हणजे पैसे त्याच्या बचत खात्यातूनच आले असं नसतं. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, आणि वॉलेटमध्ये भरलेल्या पैशांतूनही कोडवर पैसे देता येतात. या दोन प्रकारांत रक्कम 2,000 रुपयांच्या वर गेली की दुकानदाराच्या बाजूने काही टक्के कापले जाऊ शकतात. तुमचं अडीच हजारांचं बिल बहुधा यातलंच. दुकानाच्या ॲपमध्ये त्या दिवसाचा सेटलमेंट रिपोर्ट उघडा, पैसे कशातून आले ते तिथे दिसेल. क्रेडिट कार्डचे पैसे नको असतील तर ती सोय बंद करता येते का, हे ज्या कंपनीचा कोड लावला आहे तिच्या माणसाला विचारा.

बँक खात्यातून थेट बँक खात्यात होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर मात्र 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे घेतलं जाणारं शुल्क, घेता येत नाही. त्यासाठी पेमेंट अँड सेटलमेंट कायद्यात 10ए हे कलम घातलं गेलं. एखाद्या बँकेला किंवा ॲपला वाटलं म्हणून ते शुल्क लावता येणार नाही, सरकारलाच नियम बदलावा लागेल. जून 2025 मध्ये अशीच अफवा उठली, तेव्हा अर्थ मंत्रालयाने ती खोटी असल्याचं जाहीर केलं होतं.

आता माझं मत. शुल्क शून्य आहे म्हणून खर्च शून्य होत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात यूपीआयवर 2,000 कोटींहून जास्त व्यवहार झाले. बँकांचे सर्व्हर, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची यंत्रणा, तक्रारी हाताळणारी माणसं, या सगळ्याला पैसा लागतो. 2024-25 या वर्षासाठी केंद्राने छोट्या दुकानदारांच्या 2,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर 0.15 टक्के दराने प्रोत्साहन रक्कम ठरवली आणि त्यासाठी सुमारे 1,500 कोटी रुपये मंजूर केले. तेवढ्याने भागत नाही, असं पेमेंट कंपन्या म्हणतात. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही 2025 मध्ये, हा खर्च कोणीतरी उचलावाच लागेल, असं उघडपणे सांगितलं.

मग कंपन्या कमावतात कशातून? साउंडबॉक्सच्या भाड्यातून आणि तुमच्यासारख्या दुकानदारांना कर्ज देण्यातून. रोजचा गल्ला किती होतो हे त्यांना कळतं, त्या अंदाजाने कर्ज पुढे केलं जातं आणि हप्ता रोजच्या जमेतून वळता होतो. चार्ज नाही असं आपण म्हणतो, पण किंमत या वाटेने वसूल होतेच. त्यापेक्षा मॉल, मोठी साखळी दुकानं आणि ऑनलाइन विक्रेते यांच्याकडून थोडं शुल्क उघडपणे घ्यावं, हे मला जास्त पटतं. पेमेंट कंपन्यांच्या संघटनेने 2025 मध्ये मोठ्या व्यापाऱ्यांसाठी 0.3 टक्क्यांची मागणी केली होती. दर किती असावा यावर वाद होऊ शकतो. किराणावाला, भाजीवाला, रिक्षावाला यांच्यासाठी मात्र शून्यच राहिलं पाहिजे, आणि ते दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून नको.

प्रश्न: सोलापूर रस्त्यावरच्या पंपावर 1,800 रुपये खात्यातून गेले, पण पंपवाल्याकडे आले नाहीत. मी रोख भरून निघालो. आठ दिवस झाले, पैसे परत नाहीत.

रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक अगदी याच अडचणीसाठी आहे. व्यापाऱ्याला पैसे पोहोचले नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते परत यायला हवेत. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. तुमचे आतापर्यंत तीन दिवसांचे 300 रुपये होतात. माणसाने माणसाला पाठवलेल्या पैशांना मुदत आणखी कमी आहे, एकच दिवस. ही भरपाई तक्रारीची वाट न पाहता आपणहून द्यायची, असंही त्यात लिहिलं आहे. तरीही तुम्ही तक्रार कराच. व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर घेऊन आधी ॲपमध्ये आणि मग बँकेत लेखी तक्रार करा, परिपत्रकाची तारीख अर्जात घाला. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. माहितीसाठी 14448.

प्रश्न: पुण्यात आमच्या ऑफिसात वाद झाला. सगळा देश दोनच ॲपवर पैसे देतो, यात धोका आहे असं माझं म्हणणं. मित्र म्हणतात, चांगलं चालतंय ते लोक वापरतात, सरकारने मध्ये का पडावं?

धोका आहे, आणि तो आपण एकदा पाहिलेला आहे. 5 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले. फोनपेचे यूपीआय व्यवहार तेव्हा त्या एकाच बँकेच्या आधारावर चालत. रातोरात ॲप बंद पडलं आणि दुसऱ्या बँकेशी जोडणी करून ते पुन्हा उभं राहीपर्यंत जवळपास एक दिवस गेला. कंपनीची स्वतःची काही चूक नव्हती. त्यानंतर 31 जानेवारी 2024 ला पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई झाली. तेव्हा ती लागू होण्याची मुदत 15 मार्चपर्यंत वाढवली गेली, आणि चार बँकांच्या मदतीने पेटीएम ॲपवरचं यूपीआय चालू राहिलं. म्हणजे 2020 चा धडा काही प्रमाणात कामी आला.

आज फोनपे आणि गुगल पे मिळून सुमारे 80 टक्के व्यवहार हाताळतात. पहिल्याची मालकी वॉलमार्टकडे आहे, दुसरं गुगलचं. एनपीसीआयने नोव्हेंबर 2020 मध्येच ठरवलं होतं की एका ॲपकडे एकूण व्यवहारांच्या 30 टक्क्यांहून जास्त वाटा नसावा. त्याची मुदत आधी 2022 अखेर होती, मग 2024 अखेर झाली, नंतर 31 डिसेंबर 2026.

तुमच्या मित्रांचं एका बाबतीत बरोबर आहे. मर्यादा बळाने लावायची म्हटली तर भर बाजारात उभ्या असलेल्या ग्राहकाला ‘तुमचं ॲप आज चालणार नाही’ असं सांगावं लागेल. ते कुणाच्याच भल्याचं नाही. पण म्हणून हस्तक्षेपच नको, हे मला मान्य नाही. यूपीआय कुठल्या खासगी कंपनीने उभारलेलं नाही. एनपीसीआय बँकांनी मिळून उभी केली आणि पाया सार्वजनिक विश्वासाचा आहे. भीम ॲप डिसेंबर 2016 मध्ये आलं आणि मग वर्षानुवर्षं मागे पडलं. 2024 मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी काढावी लागली, यातच दुर्लक्ष किती झालं ते दिसतं. शून्य शुल्कामुळे नव्या कंपनीला या धंद्यात उतरून काही मिळत नाही, तेव्हा ज्यांच्या मागे अमाप भांडवल आहे तेच टिकतात. पहिल्या पत्रातला शुल्काचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न इथे एकमेकांना चिकटलेले आहेत. मोठ्या व्यापाऱ्यांकडून येणारा पैसा लहान ॲपनाही मिळाला तर स्पर्धा उभी राहील. आणि ज्या मुदती पाळायच्याच नाहीत त्या जाहीर करू नयेत. त्याने नियम करणाऱ्याचा शब्द हलका होतो.

तोवर फोनमध्ये दुसरं एक ॲप ठेवा, शक्यतो वेगळ्या बँकेच्या खात्याला जोडलेलं.

प्रश्न: बेळगावात आमची छोटी खानावळ आहे. कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हापासून घरचे म्हणतात कोड काढून टाक. काय करू?

कोड काढू नका. जुलै 2025 मध्ये त्या नोटिसा निघाल्या, तेव्हा बेंगळुरूत अनेक टपऱ्यांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. पुढे राज्य सरकारने मागची थकबाकी वसूल करणार नाही, असं सांगितलं. पण कर यूपीआयमुळे लागत नाही, उलाढालीमुळे लागतो. रोखीने केलेली विक्रीही त्यात धरली जाते.

खानावळ ही सेवा असल्यामुळे तुम्हाला नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची. नुसता माल विकणाऱ्याला ती 40 लाख. ताजी भाजी किंवा सुटं दूध असा करमुक्त मालच जो विकतो, त्याला नोंदणीची गरज नाही, पण भाजीवाल्यालाही नोटीस गेल्याची उदाहरणं तेव्हा समोर आली. नुसती जमा रक्कम पाहून नोटीस काढणं मला चुकीचं वाटतं. खात्यात भावाने पाठवलेले पैसे असतात, भिशीचे असतात, उसने परत आलेले असतात. ती विक्री नव्हे, पण हे सिद्ध करायचं ओझं मात्र दुकानदारावर येतं.

म्हणून खानावळीसाठी वेगळं खातं काढा आणि घरचा एकही व्यवहार त्यात येऊ देऊ नका. रोजची विक्री वहीत लिहा. 20 लाखांच्या पुढे जात असाल तर कंपोझिशन योजना बघा. दीड कोटीपर्यंतच्या खानावळींना तिच्यात उलाढालीवर 5 टक्के कर आहे, हिशेबही सोपा. मात्र तो कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. गावातल्या कर सल्लागाराला एकदा वही दाखवून मग ठरवा.

प्रश्न: अमरावतीला कॉलेजात आहे. बॅलन्स बघायलाही मर्यादा का?

एका ॲपवर दिवसाला 50 वेळा, 1 ऑगस्ट 2025 पासून. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये यूपीआय काही वेळा कोलमडलं. 12 एप्रिलला तर बँकांकडून ‘व्यवहाराचं काय झालं’ अशा चौकशांचा इतका मारा झाला की यंत्रणाच अडली. पैसे न हलवणाऱ्या चौकश्यांनाही तीच यंत्रणा राबते. हा नियम मला योग्य वाटतो, तुमच्या वापराला तो आडवा येणार नाही.

प्रश्न: कोल्हापूरला माझे निवृत्त शिक्षक वडील आहेत. पोलिसांच्या वेशातल्या माणसाने व्हिडिओ कॉलवर धमकावून त्यांच्याकडून साडेचार लाख रुपये घेतले. बँक म्हणते, पासवर्ड त्यांनी स्वतः टाकला, आमचा संबंध नाही. खरंच नाही?

वाचून फार वाईट वाटलं. वडिलांना दोष देऊ नका, ही टोळ्यांची सरावाची कामं आहेत.

कायद्याची स्थिती कडू आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार बँकेची चूक असेल, किंवा तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाने स्वतःच माहिती किंवा परवानगी दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर पैसे गेले तर ते बँकेचं. म्हणून वेळ महत्त्वाची. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली नसेल तर आत्ता करा, आणि बँकेकडून तक्रारीची पोच घ्या. पैसे पुढच्या एखाद्या खात्यात गोठवले गेले असतील तर न्यायालयाच्या आदेशाने ते परत मिळू शकतात.

पण हा नियम मला अपुरा वाटतो. पासवर्ड वडिलांनी टाकला हे खरं. मात्र ते साडेचार लाख ज्या खात्यात गेले ते खातं कोणत्यातरी बँकेने केवायसी करून उघडलं होतं. एरवी रिकामं असणाऱ्या खात्यात लाखो रुपये येतात, काही मिनिटांत वीस ठिकाणी फुटतात, आणि त्या बँकेला काहीच विचारलं जात नाही. अशी भाड्याने दिलेली खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या संस्थेने म्यूलहंटर नावाची प्रणाली तयार केली आहे, ती चांगली गोष्ट आहे. तरी हुडकण्याची सक्ती तेव्हाच मनावर घेतली जाईल, जेव्हा न हुडकण्याचा भुर्दंड बसेल. ब्रिटनने 7 ऑक्टोबर 2024 पासून नियम केला, की फसवून पाठवायला लावलेले पैसे 85,000 पौंडांपर्यंत ग्राहकाला परत द्यायचे, आणि तो भार पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मा-निम्मा सोसायचा. आपल्याकडे व्यवहारांची संख्या अफाट आहे, म्हणून मर्यादा कमी ठेवा. पण घेणाऱ्या बँकेचा हिस्सा हवाच. अनोळखी खात्यात पहिल्यांदाच मोठी रक्कम जात असेल तर काही तास थांबा, हेही मी मागेन. ज्याला घाई आहे त्याला त्रास होईल. वडिलांच्या वयाच्या माणसासाठी तो त्रास मला चालेल.

बँकेने हात झटकले तर लेखी नकार मागा आणि लोकपालाकडे जा. घेणाऱ्या खात्याची बँक कोणती होती आणि तिला किती वाजता कळवलं, ते तक्रारीत ठळक लिहा.

प्रश्न: नाशिकहून लिहितोय. दहा हजारांचं ॲप कर्ज घेतलं, आता ते माझ्या मित्रांना फोन करतात. त्यांना नंबर कुठून मिळाले?

तुमच्याच फोनमधून, ॲप टाकताना दिलेल्या परवानगीतून. रिझर्व्ह बँकेचे नियम डिजिटल कर्जाच्या ॲपना संपर्कयादी, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावू देत नाहीत. कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपनीचं, नाव, एकूण खर्च सांगणारं पत्रक, आणि कर्ज नको वाटलं तर दंड न भरता परत करण्यासाठी किमान एक दिवस, हे सगळं मिळायलाच हवं. अधिकृत ॲपची यादी जुलै 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. त्यात तुमचं ॲप असेल तर त्या बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. नसेल तर सायबर पोलिसांकडे जा आणि धमक्यांचे स्क्रीनशॉट, पैसे आले त्या व्यवहाराची नोंद बरोबर न्या. ॲप काढण्याआधी ही सगळी नोंद जपून ठेवा, मग परवानग्या बंद करून ते काढून टाका.