जाऊबाईंच्या उरलेल्या गोळ्या

प्रश्न : ताई, मी 43 वर्षांची, इंदूरला राजवाड्याजवळ साड्यांच्या दुकानात काउंटरवर असते. दोन महिने झाले खाली खूप खाज सुटते, अंगावरून पांढरं जातं, फाटलेल्या दुधासारखं, आणि आता लघवीलाही जळजळ होते. मेडिकलवरून मलम आणलं, दोन दिवस बरं वाटतं की परत सुरू. जाऊबाईंकडे लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या उरल्यात, त्या घेऊ का? डॉक्टरकडे जायची लाज वाटते.
एक वाचक, इंदूर

उत्तर : त्या गोळ्या नका घेऊ, प्लीज. तुमच्या वर्णनावरून ही बुरशी वाटतेय, कँडिडा, आणि अँटिबायोटिकने बुरशी मरत नाही, उलट योनीतले चांगले जंतू मरतात आणि तिला रान मोकळं मिळतं.

आता जळजळ नेमकी कुठे होते ते बघा. लघवी बाहेरच्या सोललेल्या कातडीला लागली की झोंबतं, का आतून, लघवी होताना आणि संपताना? बाहेर झोंबत असेल तर बहुतेक खाजवून झालेल्या जखमा. आतून जळत असेल, सारखं जावंसं वाटतं आणि होते थेंबभर, ओटीपोट दुखतं, तर लघवीचं इन्फेक्शन, ते बहुतेक वेळा ई. कोलाय जंतूचं असतं. दोन्ही एकदम असू शकतात, म्हणून गोळी सुरू करायच्या आधी लघवीची तपासणी आणि कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करा. पहिली धार सोडून मधली धार डबीत धरायची, डबी लॅबमधूनच घ्यायची.

मेडिकलच्या मलमाचं पाकीट बघा, बऱ्याच मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने खाज दबते, बुरशी जात नाही आणि कातडी पातळ होते. बुरशीला क्लोट्रिमाझोलची गोळी रात्री योनीत ठेवायला देतात किंवा फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅमची एक गोळी पोटात, पण दिवस गेले असतील तर ही दुसरी चालत नाही, तेव्हा पाळी चुकली असेल तर आधी सांगा. पातळ करडं पाणी आणि माशासारखा वास असेल तर दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं, मेट्रोनिडाझोल. पिवळं-हिरवं फेसाळ जात असेल तर नवऱ्यालाही औषध लागतं. दोन पाळ्यांच्या मधे जाणारं बिनवासाचं, बिनखाजेचं पांढरं हा आजारच नाही.

शुगर तपासली का? ती वाढलेली असली की बुरशी हटत नाही, आणि तुमची दोन महिने जात नाहीये म्हणजे ती बघायलाच हवी. आणि दुकानात बाथरूम नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या कितीतरी जणी मला लिहितात, फार वाईट वाटतं, त्यानेही लघवीचं इन्फेक्शन होतं. तुमच्याकडेही तसंच असेल तर मालकाला बाथरूमचं स्पष्ट सांगा, ही काही मेहेरबानी नाही. आतून साबण, डेटॉल, वॉश काही नको, बाहेरून साधं पाणी पुरे.

लेडी डॉक्टर मागून घ्या, त्यांच्यासाठी ही रोजची केस आहे. फक्त थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या किंवा लघवीत रक्त दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.