सायबर हल्ल्यांच्या बातम्या नव्याने वाचताय? आधी एवढंच बघा

रोज नवी बातमी वाचून धडकी भरत असेल, तर ते साहजिक आहे. सगळं वाचायच्या फंदात पडू नका. दोनच प्रश्न विचारा: चोर आत शिरले कसे, आणि नेमकं काय गेलं?

पहिल्याचं उत्तर बरेचदा अगदी साधं निघतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर लॉक केले. ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. आणि ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं! म्हणून अपडेट पुढे ढकलू नका.

दुसऱ्या प्रश्नात नवखे हमखास चुकतात. पासवर्ड फुटला की फक्त त्या साइटवरचा बदलतात. चोर मात्र तीच ईमेल-पासवर्डची जोडी दहा ठिकाणी लावून बघतो. लिंक्डइनमधून २०१२ मध्ये चोरलेला डेटा २०१६ मध्ये विक्रीला आला, तब्बल ११.७ कोटी खात्यांचा. एकच पासवर्ड सगळीकडे वापरत असाल, तर आजच थांबवा.

सध्या एवढं करा:

- ईमेलचा पासवर्ड लांब आणि वेगळा ठेवा, टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय मोबाइलवरचा कोड वगैरे दुसरा पुरावाही मागणारी सोय) चालू करा. ईमेल चोराच्या हातात गेलं की 'फरगॉट पासवर्ड' वापरून तो बाकीची खातीही उघडतो.
- 'हॅव आय बीन पॉन्ड' या साइटवर आपला ईमेल फुटलेल्या डेटात आहे का ते तपासा.
- डेटा फुटल्याच्या बातमीमागोमाग खोटे मेल येतात. त्यांतल्या लिंकवर क्लिक नको, साइट स्वतः उघडा.

झिरो-डे (कंपनीलाही अजून ठाऊक नसलेल्या फटी), मालवेअरची (घातक सॉफ्टवेअरची) चिरफाड वगैरे तूर्त बाजूला राहू द्या. कुठे अडलात तर बिनधास्त विचारा.