गच्चीचं पाणी, काळी माती आणि कोरडं बोरिंग : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेले प्रश्न इंदूरच्या कॉलन्यांमधले आणि मल्ट्यांमधले, म्हणजे बहुमजली फ्लॅटच्या इमारतींमधले आहेत. त्यातले बरेचसे गच्चीचे आहेत आणि एकमेकांत गुंतलेले आहेत. गच्चीवरच्या एका कामाने दुसरं बिघडू शकतं, म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : सुदामानगरात आमचं दुमजली घर आहे. गच्ची साधारण १,००० चौरस फूट. अंगणात चार फूट लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा करून त्यात दगड भरले आणि गच्चीचा पाइप सोडला. पहिल्या पावसात ठीक होतं, आता जोराची सर आली की खड्डा लगेच तुडुंब भरतो आणि दोन-दोन दिवस रिकामा होत नाही. उन्हाळ्यात आटणारं एक जुनं बोरिंग आहे. पाणी त्यात सोडावं का?

आधी हिशेब करू. १,००० चौरस फुटांवर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे २,३६० लिटर पाणी. इंदूरचा सरासरी पाऊस ३७ इंचांच्या आसपास धरला आणि वाया जाणारं वजा केलं, तरी तुमच्या गच्चीवरून वर्षाला अंदाजे ७०,००० लिटर पाणी मिळतं. तासाला दोन इंच या जोराने पाऊस पडला तर पाइपातून मिनिटाला जवळपास ८० लिटर येतात. तुमच्या खड्ड्याचं माप भरतं १,८०० लिटर, पण दगडांनी व्यापलेली जागा सोडली तर पाण्याला उरतात जेमतेम ७०० लिटर. म्हणजे नऊ-दहा मिनिटांत खड्डा भरणारच.

खरी अडचण मात्र तळाशी आहे. माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्या भेगा मिटतात. जूनमध्ये भेगा उघड्या असतात तेव्हा पाणी मुरतं, जुलै-ऑगस्टमध्ये तीच माती पाणी धरून बसते. शोषखड्ड्याचा तळ काळ्या मातीखालच्या मुरमात जायलाच हवा. मुरूम किती खोल आहे ते कॉलनीगणिक, कधी कधी प्लॉटगणिक बदलतं, त्यामुळे शेजाऱ्याच्या खड्ड्यावरून अंदाज बांधू नका. मुरूम लागला की तळाशी एक फुटी चौकोनी खळगा करा, पाण्याने भरा, एकदा जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. एक इंचसुद्धा उतरली नाही तर तिथे खड्ड्यावर पैसे घालू नका.

आता बोरिंग. आपल्याखाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. अखंड बेसाल्टमध्ये पाणी नसतं. ते भेगांत आणि दोन थरांमधल्या कुजलेल्या, सच्छिद्र पट्ट्यात असतं. तुमच्या बोरिंगला अशी भेग लागली असेल तरच ते पाणी घेईल. त्याची चाचणी सोपी आहे. दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी मोजा, ५,००० लिटरचा स्वच्छ पाण्याचा टँकर हळूहळू आत सोडा आणि तासाभराने पुन्हा मोजा. पातळी जवळपास मूळ जागी आली तर बोरिंग कामाचं आहे. वर चढून तशीच राहिली तर भेगा बुजलेल्या आहेत.

चाचणी जमली तर केसिंगला, म्हणजे बोरिंगच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाला लागून तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाच फूट खोल गाळणखड्डा बांधा. भिंती विटांच्या आणि आतून पक्का गिलावा केलेल्या हव्यात, नाहीतर बाजूची काळी माती पाझरून आत येते. तळाशी एक फूट ४० मिलिमीटरची गिट्टी, त्यावर एक फूट २० मिलिमीटरची, मग अर्धा फूट बारीक चुरी, त्यावर नायलॉनची जाळी आणि जाळीवर एक फूट जाड, धुतलेली नर्मदेची रेती. वरचा दीड फूट मोकळा ठेवा. तळच्या गिट्टीतून छिद्रं पाडलेला चार इंची पाइप, त्यालाही जाळी गुंडाळून, केसिंगमध्ये जोडा. रेतीच्या वरच्या मोकळ्या भागातून ओव्हरफ्लोचा पाइप काढून तुमच्या जुन्या शोषखड्ड्यात सोडा. तो वाया जाणार नाही. खड्ड्यावर काढता येणारं झाकण आणि हवेच्या पाइपाच्या तोंडाला डासांची जाळी हवीच.

खाली येणाऱ्या पाइपावर एक व्हॉल्व्ह आणि गटाराकडे जाणारी फांदी ठेवा. मोसमातले पहिले दोन पाऊस आणि पुढे मोठी उघडीप पडल्यानंतरच्या प्रत्येक पावसाची पहिली १०-१५ मिनिटं पाणी बाहेर जाऊ द्या. कबुतरांची घाण, धूळ, पानं सगळं त्यातच येतं. दरवर्षी मेअखेर रेतीचा वरचा दोन इंच थर खरवडून बदला. शहरात बंद पडलेल्या व्यवस्था बहुतेक याच दोन इंचांपायी बंद पडतात, कारण बांधणारा येतो आणि जातो, खरवडायला कोणी नेमलेलं नसतं.

एक गोष्ट अजिबात करू नका: अंगणाचं, रस्त्याचं किंवा मोरीचं पाणी बोरिंगमध्ये सोडू नका. शोषखड्ड्यात माती पाण्याला गाळते. बोरिंगमधून ते थेट भेगेत जातं आणि आसपासच्या सगळ्यांच्या बोरिंगमध्ये पोहोचतं. तुमचं बोरिंग पिण्यासाठी वापरात असेल तर पावसाळ्यानंतर प्रयोगशाळेतून कोलिफॉर्मची, म्हणजे मैल्यातून पाण्यात येणाऱ्या जिवाणूंची तपासणी करून घ्या.

हा खटाटोप करायचा कारण आपलं नळाचं पाणी नर्मदेवरच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांबून आणि विंध्याचा चढ चढवून येतं. पंपांच्या विजेचा भार इतका की त्यासाठी महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी घेतलेलं कर्ज) काढून ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. गच्चीवरून जमिनीत गेलेल्या पाण्याला हा चढ चढावा लागत नाही.

प्रश्न : वरच्या मजल्याच्या खोल्या एप्रिलपासून तापतात. गच्चीला चुना लावला तर फरक पडेल का? गेल्या मे महिन्यात लावला होता, तो पावडर होऊन निघून गेला.

फरक पडतो. वरच्या मजल्यावर साधारण २ ते ४ अंशांचा, आणि रात्री स्लॅब कमी तापलेला असल्यामुळे झोपताना तो जास्त जाणवतो. तुमचा चुना निघाला तो बहुधा मे महिन्यात लावल्यामुळे. चुना ओलाव्याच्या साथीने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. तापलेल्या स्लॅबवर तो मिनिटांत सुकतो आणि नुसती भुकटी उरते.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, ऊन उतरल्यावर लावा. १,००० चौरस फुटांना दोन हातांसाठी २५ ते ३० किलो चुना रात्रभर भिजवा, कापडातून गाळा, त्यात किलोभर रंगात मिसळायचा चिकटा घाला. गच्ची झाडून, धुऊन, ओलसर असतानाच पहिला हात द्या. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, आडवा. दोन्ही दिवस सकाळी हलकं पाणी शिंपडा. चष्मा आणि हातमोजे घाला, भिजलेला चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

वरच्या उत्तराशी याचा थेट संबंध आहे. पहिल्या पावसांबरोबर थोडा चुना वाहून येतोच, आणि गाळणखड्ड्यात गेला तर रेतीवर त्याची खपली धरते. म्हणून चुना लावलेल्या वर्षी पहिले तीन-चार पाऊस बाहेर सोडा. दरवर्षीची ही कटकट नको असेल तर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं मोझॅक करून घ्या. खर्च बराच जास्त, पण वर्षानुवर्षं टिकतं आणि पाणीही स्वच्छ येतं. गच्चीचं पाणी बोरिंगमध्ये सोडायचं असेल तर मी तेच सुचवीन.

प्रश्न : आमच्या मल्टीत २४ फ्लॅट आहेत. कचरागाडी रोज येते. तरी खत करावं का? एकदा केलं होतं, वास सुटला आणि भांडणं झाली.

तुमचा ओला कचरा वेगळा आणि स्वच्छ जात असेल तर तो सत्कारणी लागतो. देवगुराडियाला रोज ५५० टन क्षमतेचा, ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ पासून आहे. त्यामुळे सदस्य तयार नसतील तर जबरदस्तीने खत करण्यापेक्षा वेगळा करण्याची शिस्त पाळा. ओल्या कचऱ्यातली प्लॅस्टिकची पिशवी तिथेही त्रास देते.

करायचंच असेल तर वासाचं कारण समजून घ्या. कोरडी पानं कमी आणि पाणी जास्त झालं की हवा आत जात नाही, आणि हवेविना कुजणं म्हणजे दुर्गंध. घरटी पाऊण किलो धरलं तर तुमच्याकडे रोज १८ किलो ओला कचरा निघतो, म्हणजे दोन बादल्या. त्याच्या बरोबरीने दोन बादल्या चुरलेली सुकी पानं रोज लागतात. पावसाळ्यात ती मिळत नाहीत, तिथेच सगळं फसतं. कडुनिंब, पिंपळ यांची पानगळ उन्हाळ्याच्या सुरुवातीला होते. तेव्हाच ३०-४० गोणी भरून छपराखाली ठेवा. तेवढी जागा नसेल तर खताचा विचार सोडून द्या.

सव्वातीन फूट लांब-रुंद-उंच असे तीन जाळीदार विटांचे हौद, वर पत्रा. एक भरायला ३०-४० दिवस लागतात. तिसरा भरेपर्यंत पहिला तयार झालेला असतो. आठवड्यातून एकदा खालवर करा. मूठभर दाबून पाहा: पाणी टपकलं तर पानं घाला, मूठ उघडताच भुसभुशीत विखुरलं तर पाणी शिंपडा. उरलेले पोहे, भाजीचा रस्सा सुरुवातीला टाळा. एक माणूस पगारी नेमा. पाळ्या लावलेल्या ठिकाणी तिसऱ्या महिन्यात कोणी येत नाही.

प्रश्न : घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवायचं आहे. कशाकडे लक्ष द्यावं?

सावली नसलेली सुमारे ३०० चौरस फूट जागा, दक्षिणेकडे तोंड, २२-२३ अंशांचा उतार. पाण्याच्या टाकीची दुपारची सावली डिसेंबरात कुठवर येते ते आधी पाहा, तेव्हा ती सर्वांत लांब असते. रोज सरासरी १२ युनिट धरा. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. मल्टीच्या सामाईक वापरासाठी ते किलोवॅटमागे १८,००० रुपये असतं. स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, सिमेंटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करायला लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गळती सुरू होते. बॅटरी नसलेलं सोलर लाइट गेल्यावर बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ते तसंच असतं. पॅनल धुवायला बोरिंगचं जड पाणी वापरलं तर काचेवर पांढरे डाग पडतात. साठवलेलं पावसाचं पाणी त्यासाठी उत्तम.

प्रश्न : आरओचं फेकलं जाणारं पाणी झाडांना चालेल का?

रोज नको. त्यात क्षार एकवटलेले असतात आणि काळी माती ते सहज सोडत नाही. लादी पुसायला, शौचालयात वापरा. त्याआधी नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण मोजा. तो लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल आणि दुसरा काही रासायनिक दोष नसेल, तर आरओची गरज नाही. गाळणी आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरेसं आहे.