तारेतला बिंदू की तारेवरला?

भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : ‘सेमीकंडक्टर नॅनोवायरमध्ये एम्बेडेड क्वांटम डॉट्सचे ऑप्टिकल गुणधर्म’ हे मराठीत कसं लिहावं? तिने ‘अर्धवाहक नॅनोतारेत अंतःस्थापित पुंजठिपक्यांचे दृक्-गुणधर्म’ असं केलं आहे, पण ते तिचं तिलाच पटत नाही. (नॅनोवायर म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तार, आणि क्वांटम डॉट म्हणजे तिच्यातला काही नॅनोमीटरचा, वेगळ्या अर्धवाहकाचा भाग. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा हिस्सा.)

‘अर्धवाहक’ आणि ‘नॅनोतार’ उत्तम, ते तसेच ठेवा. ‘पुंज’ हा क्वांटमसाठी मराठीत रुळलेला शब्द आहे, ‘पुंजयामिकी’ मला आवडतेही. पण तारकापुंज म्हणजे ताऱ्यांचा घोळका. त्या चालीवर ‘पुंजठिपका’ म्हटलं की डोळ्यांपुढे ठिपक्यांचा घोळका उभा राहतो. इथे ‘क्वांटम’च बरा.

ठिपका मात्र नको. ठिपका रांगोळीचा, शाईचा. कशावर तरी पडलेला, पसरट. भूमितीतल्या बिंदूला लांबी, रुंदी, उंची काहीच नसते. क्वांटम डॉटमध्ये हजारो अणू असतात हे खरं, पण आतला इलेक्ट्रॉन तिन्ही दिशांनी कोंडलेला असतो, म्हणून त्याला शून्यमितीय म्हणतात. हा अर्थ ‘बिंदू’तच येतो.

खरी अडचण ‘एम्बेडेड’ची. ‘जडवलेला’ सुचतो, पण खडा आधी घडतो आणि मग कोंदणात बसतो. इथे तसं होत नाही. सोन्याच्या सूक्ष्म थेंबाखाली इंडियम फॉस्फाइडची तार उभी वाढत असते. मध्येच काही सेकंद आर्सेनिक असलेला वायू सोडतात आणि पुन्हा बंद करतात. तेवढाच काही नॅनोमीटर उंचीचा थर वेगळ्या मिश्रणाचा होतो, आणि तोच बिंदू. उसाचं पेर उसाबरोबर वाढावं तसा तो तारेबरोबर वाढतो. मग बाजूंनीही इंडियम फॉस्फाइडचं आवरण चढवून तार जाड करतात. ‘अंतःस्थापित’मध्येही कोणीतरी नंतर आणून ठेवल्याचा भास आहे, शिवाय उच्चारताना जीभ अडखळते ती वेगळीच.

माझं मत : इथे विशेषणच नको. मराठीचा ‘-तला’ हे काम करतो. तारेतला बिंदू! आणि ‘तारेवरला’ म्हटलं की लगेच उलट चित्र उभं राहतं, पृष्ठभागाला चिकटलेल्या बिंदूचं. प्रकाशाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पृष्ठभागावरच्या दोषांत इलेक्ट्रॉन अडकतो आणि प्रकाश न देताच त्याची ऊर्जा वाया जाते. तारेतल्या बिंदूला आवरणाचं संरक्षण असतं. एरवी अर्धवाहकाच्या सपाट वडीत बिंदू असला, तर अंतर्गत परावर्तनामुळे बहुतेक प्रकाश आतच कोंडून राहतो. सुमारे २०० नॅनोमीटर जाडीची तार मात्र त्याला आपल्या अक्षाच्या दिशेने वाट करून देते. टोक हळूहळू निमुळतं केलं, तर एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, अरुंद झोतात बाहेर पडतो आणि भिंगाने टिपता येतो. एवढा सगळा भेद दोन प्रत्ययांत मावतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

राहिला ‘दृक्’. दृक् म्हणजे दृष्टीचं. हे बिंदू बहुधा ९०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशतात, म्हणजे अवरक्तात, आणि तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ‘प्रकाशीय’ लिहा : ‘अर्धवाहक नॅनोतारेतल्या क्वांटम बिंदूंचे प्रकाशीय गुणधर्म’. प्रबंधाला ‘-तल्या’ फार घरगुती वाटला, तर ‘नॅनोतारेतील’ करा.