जिभेबद्दलची वचनं: सुरुवात कुठून करावी?

ताई, जिभेबद्दल, म्हणजे बोलण्यातल्या कपटाबद्दल, बायबलमध्ये कुठून वाचायला लागावं असं विचारलंत; तर सगळं बायबल चाळत बसू नका. आधी याकोबाच्या पत्राचा 3रा अध्याय वाचा, मग नीतिसूत्रे 26:18-28. शेजाऱ्याला फसवून वर 'गंमत केली हो' म्हणणारा तिथे भेटेल. ओळखीचाच वाटतो!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- कपट म्हणजे फक्त खोटं बोलणं, असं धरतात. स्तोत्र 12 मध्ये गोडगोड खुशामतीवरही तोच ठपका आहे.
- जमीन विकून पैसे प्रेषितांना आणून देणाऱ्या हनन्या-सप्पीरा या नवरा-बायकोची गोष्ट (प्रेषितांची कृत्ये 5) पैशाची समजतात. प्रेषित पेत्र हनन्याला स्पष्ट सांगतो: जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. दोष होता थोडे मागे ठेवून सगळे दिल्याचा आव आणण्यात.

शपथ घ्यावी की नाही हा वाद, इस्राएली हेरांना लपवताना राहाब बोलली ते खोटं, हे नंतर. आणि वचनं दुसऱ्याला सुनवायला जमवू नका. तो मोह फार होतो.